बारवेतला पिंपळ

आमच्या वाडीच्या बारवेवर निळी पाटी लागली त्या दिवशी मालकांनी मला लग्नातलं पातळ नेसायला लावलं. पुरातत्त्वाचे साहेब येणार होते. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि बारव ‘संरक्षित स्मारक’ झाली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? आष्टीकडच्या या कोरड्या मुलखात आमच्या वाडीचं नाव सरकारी कागदावर चढलं होतं, आणि ते चढवायला आमच्या मालकांनी किती चपला झिजवल्या हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ग्रामसभेचा ठराव, फोटो, नकाशा, बीडच्या चकरा. घरची मेंढरं तेवढ्या काळात मीच वळली.

बारव आमच्या वाड्याला, म्हणजे मेंढरांच्या वाड्याला, लागूनच. चारी अंगांनी घडीव दगड, एका बाजूनं खाली उतरत गेलेल्या रुंद पायऱ्या. वैशाखात गावचे बोअर फुसफुसायला लागले तरी तिच्या तळाला पाणी असायचं. मेंढरं पायऱ्यांनी एकामागं एक खाली उतरायची, पाणी पिऊन तशीच वर यायची. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

तिची एक खोड मात्र होती. दगडाच्या सांध्यात पाखरांच्या विष्ठेतून दरसाल पिंपळ उगवायचा. मी सून म्हणून आले त्या वर्षीच सासूबाईंनी मला खाली नेऊन दाखवलं. “दोन पानांचा हाय तवरच उपटायचा,” त्या म्हणाल्या. “मोठा झाला की देव होतो. मग हात लावता येत न्हाई.” उपटलेलं रोप मारायचं नाही, ओढ्याकाठी नेऊन लावायचं. दिवाळी झाली की हे काम माझं. आज ओढ्याला जी पिंपळाची रांग आहे ती निम्मी सासूबाईंची आणि निम्मी माझी.

पाटी लागली त्या दिवाळीनंतर मी नेहमीसारखी खुरपं घेऊन निघाले, तर मालक आडवे आले.

“हात लावू नको. सरकारी हाय आता ती.”

“अहो, रोप हाय नुस्तं.”

“पाटी वाचली न्हाईस का? दगडाला धक्का लागला तर केस व्हती.”

मी वाचली होती. दंड, तुरुंग, सगळं लिहिलं होतं. पिंपळाबद्दल काही लिहिलं नव्हतं. मालकांनी साहेबांना फोन लावला. साहेब गोड माणूस. म्हणाले, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात झाड काढायचं काम घेतलंय, मंजुरी आली की तज्ज्ञ येऊन काढतील, तोवर कुणी हात लावू नका.

मग तारेचं कुंपण आलं, लोखंडी दार आलं, कुलूप आलं. लांबच्या गावाला राखणदार कुठून आणणार, म्हणून साहेबांनी चावी मालकांच्या हवाली केली. मालकांनी ती करदोड्याला बांधली. अंघोळीलासुद्धा काढत नसत. मला वाटलं, चला, घरातच चावी आहे, उन्हाळ्यात मेंढरांची सोय झाली. पण मेंढरांच्या खुरांनी पायऱ्या झिजतात असं साहेब म्हणाले होते. इतकी वर्षं झिजल्या नाहीत, त्या नेमक्या आता झिजणार होत्या! मेंढरं दारापाशी येऊन उभी राहायची आणि मी त्यांना टँकरचं पाणी पाजायची. त्या काळात मी मालकांशी धड बोलले असेन असं मला आठवत नाही.

पिंपळ तोवर मनगटाएवढा झाला होता. कुंपणाबाहेरून त्याची पानं सळसळताना दिसायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मंजुरी काही येत नव्हती. साहेब बदलले, नवे साहेबही गोडच बोलायचे.

एका सकाळी मालक तांब्या भरून निघाले.

“कुठं चाललात?”

“पिंपळाला पानी घालाया. शनिवार हाय.”

“कंच्या पिंपळाला?”

ते खाली बघायला लागले. “बारवेतल्या. नवस बोललोय. मंजुरी येऊ दे, नारळाचं तोरण बांधीन म्हनलंय.”

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. “अहो, ज्याला काढायला मंजुरी मागताय त्यालाच नवस? आन तेबी माझ्या टँकरच्या पान्यानं?”

“लई बोलू नको. देव हाय तो आता. त्याला न्हाई सांगायचं तर कुनाला सांगू?”

खरंच, दुसरं कोण उरलं होतं त्यांचं ऐकणारं? राग मात्र गेला नाही. मालक बाजाराला गेल्यावर मी कोयता घेऊन तारेखालून आत शिरले, पायऱ्या उतरले. बुंध्याला लाल दोरा गुंडाळलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, पणती विझलेली. माझा हात उठला नाही. मीही त्याच सासूची सून. बुंध्याला हात जोडले आणि कोयता घेऊन परत आले. मागच्या दगडात बोट जाईल एवढी फट पडलेली मी बघितली होती.

परतीच्या पावसात ती भिंत भर दुपारी खाली बसली. आवाज ऐकून मेंढरं उधळली. अर्ध्या पायऱ्या गाडल्या गेल्या, पाणी दगडमातीखाली गेलं. पिंपळ मात्र उरलेल्या कोपऱ्याला मुळांनी धरून उभाच. खात्याचे लोक आले, फोटो काढले. स्थानिकांनी लक्ष दिलं नाही, असं त्यांच्यातला एक जण आमच्या ओसरीवर आमचाच चहा पिऊन बोलला. माझ्या तोंडात शिवी आली होती. मालकांकडं बघून गिळली.

आणि मग मंजुरी आली. जुन्याच कागदावरची, झाड काढून भिंत नीट करण्याची. काम कधी सुरू होणार ते कुणालाच माहीत नाही.

“नवस फेडावा लागंल,” मालक म्हणाले. आवाजात जीव नव्हता. मी नारळ ओवून दिले. त्यांनी करदोड्याची चावी सोडली, दार उघडलं आणि तोरण घेऊन आत गेले. मी मागं उभी. तेवढ्यात मेंढरांनी उघडं दार बघितलं. इतक्या वर्षांनी, तरी सवय मोडली नव्हती. एकामागं एक आत शिरली, जिथवर पायऱ्या होत्या तिथवर उतरली आणि ढिगाऱ्यापाशी पाणी हुंगत ओरडायला लागली.

मालकांनी वळून बघितलं नाही. ते फांदीला तोरण बांधत होते. मी मेंढरं हाकून बाहेर काढली. शेवटचं कोकरू दाराबाहेर आलं तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“दार लावून घे. सरकारी हाय.”