मावशीची बरोबरी

स्त्री-पुरुषांची बरोबरी आमच्या मावशीइतकी मनावर घेतलेलं दुसरं माणूस अख्ख्या खानदेशात झालं नसेल. ती जळगावच्या मुलींच्या शाळेत शिकवायची, काका एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते आणि शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहायचे. त्या सुमाराला पुण्याहून आलेल्या एका बाईंचं गावात व्याख्यान झालं. बाईने पुरुषाच्या बरोबरीने उभं राहावं, असं त्या म्हणाल्या, आणि ज्याने त्याने ते आपापल्या परीने समजून घेतलं. शेजारच्या वकिलांची खात्री झाली की आता बायका विड्या ओढणार आणि लुगडी पुरुषांना धुवावी लागणार. कितीतरी दिवस ते बायकोच्या हालचालींवर नजर ठेवून होते. वकिलीणबाईंना वाटलं, आता चहा गरम असतानाच प्यायला मिळेल. मावशीने मात्र त्याचा अर्थ असा लावला की कुणी कुणाचं ओझं व्हायचं नाही, आणि एकाने केलं ते दुसऱ्याने तसंच्या तसं करायचं.

सुरुवात हाक मारण्यापासून झाली. "तुम्ही मला अगं म्हणता, मग मीच अहो का म्हणायचं?" असं तिने विचारलं. काका भला माणूस. अरे म्हणवून घ्यायची त्यांची तयारी होती, पण मावशीच्या तोंडून ते येईना. शेवटी दोघांनीही अहो म्हणायचं ठरलं, आणि काका स्वयंपाकघराच्या दारातून "अहो मास्तरीणबाई, मीठ कुठे आहे?" असं विचारू लागले. मीठ विचारायची पाळी यायची, कारण एक दिवसाआड स्वयंपाक त्यांच्याकडे आला होता. त्यांना भरीत सोडून काही येत नव्हतं. आम्ही भरीत खात होतो. त्यांनी मावशीसाठी गजरा आणला, तर दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने त्यांच्यासाठी गजरा आणला. टोपीवर तो काही बसेना, तेव्हा मनगटाला बांधून ते फॅक्टरीत गेले. साहेबाने विचारलं तर म्हणाले, "घरून मिळालाय."

हे सगळं जळगावात खपून गेलं. खपलं नाही ते धुळ्याला. काकांचं गाव धुळ्याजवळ होतं. पुतणीच्या लग्नाला आम्ही निघालो, चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरलो. पत्र्याची पेटी मावशीची, तेव्हा ती तिनेच डोक्यावर घेतली. काकांनी हात पुढे केला तर म्हणाली, "माझ्या लुगड्यांचं ओझं तुम्हाला कशाला?" काका मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते. बाहेर त्यांचे थोरले भाऊ, आबा, बैलगाडी घेऊन उभे होते. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि गाव येईपर्यंत ते फक्त बैलांशी बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आबांनी विषय काढला. मी आणि मावशी दाराच्या आतच गहू निवडत होतो. मावशीला मूल नव्हतं, त्यामुळे हे बोलणं आज ना उद्या निघेल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पेटीने फक्त निमित्त दिलं.

"बाईना डोकावर पेटी आनि तुना हातमा तांब्या," आबा म्हणाले. "गाव तोंड झाकीसन हासनं. दुसरी पोर देखेल शे. तू फक्त हा म्हन."

मावशीचे हात सुपात थांबले. त्या काळी दुसरं लग्न ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती, आणि काकांनी थोरल्या भावाला कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

काका हळूच म्हणाले, "आबा, पेटी तिनी शे, डोकं तिनं शे. मना मान कसा गया? आनि माले बठ्ठं एकच बाईमा भेटेल शे." बठ्ठं, म्हणजे सगळंच.

आबा उठून गोठ्यात गेले. लग्न होईपर्यंत तो विषय पुन्हा निघाला नाही. मावशीने त्या दिवशी निवडलेले गहू मला परत निवडावे लागले, कारण खडे सगळे तसेच राहिले होते.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला खाली पाहावं लागलं."

"नाही लागलं," काका म्हणाले. "पण खरं सांगू का, तुमची पेटी उचलायला मला आवडतं. तुम्ही दुबळ्या आहात म्हणून नव्हे. उगाच. बरं वाटतं."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमच्या बरोबरीत ते बसतं की नाही, मला कळेना."

मावशी हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "मलाही वाटतं हो, कुणीतरी उचलावी," ती म्हणाली. "हात दुखतात माझे."

चाळीसगावला उतरल्यावर काकांनी एक कडी धरली, मावशीने दुसरी. काका उंच, मावशी ठेंगणी; पेटी कलंडत होती, दोघांच्या नडग्यांवर आपटत होती आणि हमाल बघत उभे होते. एकट्याने नेली असती तर लवकर पोचली असती. पण दोघांपैकी कुणीही कडी सोडली नाही.

पुढे काका भरिताच्या जोडीला वरणही शिकले. संध्याकाळी दोघं मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जायची. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, अगदी शेजारी शेजारी, काका नेहमी मावशीच्या उजव्या हाताला, आणि चढ आला की हात धरून. नवऱ्याला पेटी उचलू देत नाही म्हणून जे लोक नावं ठेवत होते, तेच आता भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरते म्हणून नावं ठेवू लागले. "त्यांना काहीतरी हवंच असतं," मावशी म्हणायची.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी जळगावला गेले तेव्हा मावशीबरोबर तलावावर गेले होते. ती फार हळू चालते. मी तिच्या उजव्या हाताला चालू लागले, तर थोडं अंतर गेल्यावर तिने मला थांबवलं.

"तू या बाजूला ये गं," ती म्हणाली. "ती राहू दे."

मी डाव्या हाताला आले, आणि तेवढी जागा सोडून आम्ही दोघी चालत राहिलो.