केळीच्या डागाची परीक्षा

“बघायचं काम तिला द्या सर, बोलायचं मी बघते.”

मी नळाखाली लोकर धूत होते. पाण्याच्या आवाजात मला ऐकू येणार नाही, असं माझ्या त्या वर्गमैत्रिणीला वाटलं असावं. टेक्स्टाइल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, जळगावातल्या आमच्या कॉलेजची डाइंग लॅब, म्हणजे रंगाईची प्रयोगशाळा, आणि प्रकल्पाच्या जोड्या ठरत होत्या. माझ्यासारख्या मुक्या मुलीबरोबर तुझं कसं जमणार, असं सर तिला विचारत होते. मला राग यायला हवा होता. पण मला तर सुटल्यासारखं वाटलं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच, पण आकडे इंग्रजीत. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी रंगाचं पाणी एकोणऐंशी अंशांवर थांबवायला सांगितलं आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, “म्हणजे एटी-नाइन ना?” वर्ग असा हसला की नंतर कितीतरी दिवस मुलं थर्मामीटर हलवत विचारायची, “काय मॅडम, एकोण किती झाले?” तेव्हापासून मी वर्गात बोलणंच सोडलं आणि आकडे बोटांनी दाखवायला लागले. अर्धा असेल तर एक बोट अर्धं दुमडायचं.

माझी जोडीदारीण चोपड्याची, केळीवाल्यांच्या घरातली. विषय तिनेच काढला. केळीचा चीक कपड्यावर पडला की सदरा फाटतो पण तपकिरी डाग राहतो, हे आमच्या भागात लहान मुलालाही माहीत असतं. ती म्हणाली, “जो डाग जात नाही, तो रंगच झाला की! लोकरीवर चढवून बघू.” लोकर धुळ्याकडच्या मेंढपाळांकडून मिळाली. चीक तिच्या घरून मागवायचा होता. तिने फोन स्पीकरवर टाकला, तर तिची आई आधी हसतच सुटली. “डाग जास नही म्हणीसन आम्ही रडतस, नी तुम्हले तोच पाहिजे शे!”

तरी आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, केळीच्या गाडीतून दोन कॅन भरून चीक पाठवला. वर निरोप: पोरींनो, अंगावर सांडू नका.

आम्ही अर्थातच सांडला. माझा पांढरा अ‍ॅप्रन पहिल्या दिवशीच कामातून गेला. पहिली लडी घाईने उकळली, तर लोकर आटून तवा पुसायच्या फडक्यासारखी झाली. ती लडी तिने डोक्यावर ठेवली आणि लॅबभर मिरवली. मग आम्ही शिकलो. आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, आच हळूहळू वाढवायची, लोकर ढवळताना पिळायची नाही, नुसती वरखाली करायची. पातेल्यातून वाफेबरोबर ओल्या मेंढीचा वास यायचा. ती अखंड बोलायची, मी पाण्यात बघत राहायचे. पिवळट चीक लोकरीत शिरताना आधी गव्हाचा, मग गुळाचा आणि शेवटी भाजलेल्या कॉफीचा रंग यायचा. तो तिसरा रंग आला की मी तिच्या दंडाला हात लावायचे. ती गॅस बंद करायची.

रंग पक्का आहे का, हे ठरवायची पद्धत साधी आहे. रंगवलेल्या लोकरीला पांढरं कापड शिवायचं, दोन्ही साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं, वाळवायचं. मग राखाडी छटांचं एक कार्ड घेऊन उत्तरेच्या खिडकीशी उभं राहायचं आणि किती फरक पडला ते ताडून बघायचं. पाच म्हणजे रंग जागच्या जागी. एक म्हणजे रंग वाहून गेला. हा निकाल कुठलं यंत्र देत नव्हतं, डोळाच द्यायचा. हे मला जमायचं. दुसऱ्या जोड्यासुद्धा आपापले तुकडे घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. मी कार्डावरून नजर फिरवून बोटं वर करायचे आणि ते आनंदाने किंवा शिव्या देत परत जायचे. खिडकीशी मला फार बरं वाटायचं.

आमच्या तुकड्याला मी पाच बोटं दाखवली, तेव्हा तिने मला उचललंच.

परीक्षा घ्यायला बाहेरून दुसरे सर आले. मूळचे दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकावरून शिकलेले, प्रत्येक शब्द सुटा ठेवून बोलायचे. त्यांनी आधीच सांगितलं, “श्रेणी चारच्या खाली असल्यास प्रकल्प अनुत्तीर्ण.” म्हणजे वर्ष गेलं. आणि तिकडे आबा अख्ख्या गल्लीला सांगून फोनजवळ बसलेले.

ती झकास बोलली. चीक, तुरटी, आच, एकही गोष्ट चुकली नाही. मी शेजारी तुकडा धरून उभी होते.

“धुलाईनंतरची श्रेणी?” सरांनी विचारलं.

इतका वेळ आवरून धरलेला तिचा आनंद तिथे फुटला. “एक नंबर, सर!”

“एक?”

“एकदम एक नंबर! आईशप्पथ!”

सरांनी पेनाचं टोपण काढलं. “आपण प्रामाणिक आहात. परंतु एक असेल, तर तुकडा पाहण्याची आवश्यकता नाही.” त्यांनी पुढच्या जोडीला हात केला.

“आवश्यकता नाही कशी?” ती गोंधळली आणि थेट घरच्या बोलीत घसरली. “एक नंबर शे ना, सर! एक नंबर!”

“होय. एक. मी ऐकले.”

ती जितकं जोरात सांगत होती, तितके आम्ही नापास होत होतो. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी घाईघाईने पाच बोटं वर केली. सर मान खाली घालून लिहीत होते. मी हात आणखी वर नेला. पेन चाललंच होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

मी तुकडा त्यांच्या कागदावर ठेवला, पेनाच्या अगदी टोकाशी, आणि म्हणाले,

“सर, आमच्याकडे एक नंबर म्हणजे पाच.”