चार चौकटी आणि सांडलेली पेज

मुलुंडच्या एका इस्पितळात औषधं आणि जेवण पोचवणारे चार रोबोट होते. ते चालवणारी ऑपरेटर मात्र विक्रोळीला, आमच्या ऑफिसात बसायची. एकटी चौघांना सांभाळायची. तिचा स्क्रीन मी डिझाइन केला होता. चार कॅमेरे, चार चौकटी. जिच्यावर बोट ठेवाल तो रोबोट तुमच्या ताब्यात. इतकं सोपं, की मला त्याचा गर्वच होता.

एका दुपारी ती जेवायला गेली आणि तिच्या खुर्चीत मी बसले. चारही चौकटींत एकसारखाच हिरवट पॅसेज, एकसारखीच बाकडी. एका चौकटीत एक म्हातारी डबा घेऊन समोरून येताना दिसली. रोबोट सरळ तिच्याकडेच निघाला होता. मी घाईत चौकटीवर बोट ठेवून 'थांबा' दाबलं. थांबला भलताच, वरच्या मजल्यावरचा. म्हातारीला काही लागलं नाही, पण ती दचकून मागे सरली, डबा निसटला आणि पेज लादीभर पसरली.

ती वाकून पदराने लादी पुसायला लागली. मग कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "चुकलं हां बाबा, जा तू."

मला तिच्याशी बोलायचं होतं. पण माइकचं बटण मेनूच्या आत होतं. स्क्रीन मोकळा दिसावा म्हणून मीच तिथे लपवलं होतं. ते सापडेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

मागे ऑपरेटर येऊन उभी होती. "माझं नेहमीच होतं गं असं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच ढ आहे."

मी तशीच उठले. रिक्षा करून मुलुंडला गेले, कँटीनमधून मऊ भात घेतला आणि विचारत विचारत त्या म्हाताऱ्या बाईंना गाठलं. त्यांचा आजारी नवरा आत वॉर्डात झोपला होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील.

"तूच चालवत होतीस गो?" त्या म्हणाल्या. "एकटी चार-चार? दमत असशील." आणि मला बसायला जागा करून दिली. मला बसवेना.

नवा स्क्रीन मी आणि ऑपरेटरने शेजारी बसून केला. प्रत्येक रोबोटला वेगळा रंग आणि त्याच्या चौकटीलाही तोच, चौघांना एकदम थांबवणारं एक मोठं बटण, आणि माइक समोरच. तो सगळ्यांना आवडला. पण चाचणी करताना चुकीची चौकट दाबली गेली, की ऑपरेटर अजूनही स्वतःचीच चूक समजून पटकन "सॉरी हां" म्हणायची. तेव्हा माझी मान आपोआप खाली जायची.