न घेतलेलं घर

इस्पितळाच्या तळघरात, धोबीखान्याला लागून एक लांबोडकी खोली होती. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, बंद तुटलेले ऑपरेशनचे झगे असं सगळं तिथे यायचं आणि शिवून परत वर जायचं. त्या खोलीत एकाच मशीनवर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला सगळं इस्पितळ शिवणबाई म्हणायचं. बाई बोलायला मोकळी, हाताला चपळ. पण तिच्या एका सवयीने नवा माणूस चक्रावून जायचा. बोलता बोलता मध्येच तिचा आवाज बंद व्हायचा आणि ओठ तेवढे हलत राहायचे. समोरच्याने कान पुढे केला की मग तिच्या लक्षात यायचं.

"अगंबाई! घरची सवय," म्हणून ती हसायची.

घरची म्हणजे नवऱ्याची. तो कापडगिरणीत मागांचा फिटर होता. एका छपराखाली चारशे माग खडखडत असले की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली सगळी माणसं ओठांनीच बोलायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने बायकोला ही भाषा शिकवायला घेतली. तेव्हा त्याचे कान चांगले शाबूत होते. "शिकून ठेव, पुढे उपयोगी पडेल," असं तो म्हणाला आणि ती थट्टा समजून लोटपोट हसली. पंचेचाळिशीपर्यंत त्याचे दोन्ही कान गेले. शेजारपाजारचे म्हणायचे, काय गुणी जोडपं, कधी भांडण ऐकू येत नाही! भांडणं व्हायची, चांगली कडाक्याची व्हायची. समोरासमोर उभं राहून, हातवारे करून, आवाजाशिवाय. आणि फिटरला भांडण संपवायचं असलं की तो सरळ डोळे मिटून घ्यायचा. मग शिवणबाईने काय डोंबल बोलायचं?

कान पूर्ण गेल्यावर गिरणीने त्याला मागांवरून काढून तेलाचे डबे भरायला बसवलं. मशीनचा आवाज ऐकू येत नाही त्याला मशीनचं दुखणं काय कळणार, असं साहेबाचं म्हणणं. फिटर हाताच्या स्पर्शाने दुखणं ओळखायचा, पण ते कुणी विचारलं नाही. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "काम येणाऱ्या माणसाला कोपऱ्यात बसवू नये." पुढची दोन वर्षं तो मान वर करून कुणाशी धड बोलला नाही. शिवणबाईने ती दोन वर्षं जवळून पाहिली होती.

तो रिटायर झाला तेव्हा गिरणीची खोली तीन महिन्यांत सोडायची होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घ्यायचं होतं. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. तिने फोनवर सांगितलं, "आई, दोघं मिळून ठरवा. माझ्याकडे बघू नका." त्यांच्या ऐपतीत बसणारी दोनच घरं होती. एक गावाच्या कडेला, गल्लीच्या टोकाशी. दुसरं ऐन हमरस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, खाली सायकलचं दुकान आणि समोर बसथांबा. तिथून इस्पितळ चालत सात मिनिटांवर.

रस्त्यावरचं घर एजंटाने रविवारी दुपारी दाखवलं. दोन खोल्या, पुढे गॅलरी, उजेड भरपूर. शिवणबाईने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आता कामाच्या दिवशी दाखवा."

"मावशी, घर तेच आहे. वार कशाला बदलायचा?"

"दाखवा तर खरं."

मंगळवारी सकाळी नऊला ती दोघं पुन्हा गेली. घराची मालकीण एक रिटायर झालेली शिक्षिका होती, खरं बोलणारी. तिने दार उघडलं आणि आवाजाचा लोंढाच अंगावर आला. बस, ट्रक, रिक्षा, कुणाचा तरी सुटलेला सायलेन्सर. "फोन आला की मी मोरीत जाऊन बोलते," शिक्षिका जवळजवळ ओरडून म्हणाली. "घर विकायचंय म्हणून खोटं सांगणार नाही."

शिवणबाई नवऱ्याला हे सांगायला वळली, तर तो गॅलरीत उभा. कठड्याच्या लोखंडी नळीवर दोन्ही तळवे ठेवलेले, डोळे मिटलेले.

"बस आली," तो म्हणाला. खाली खरंच बस थांबत होती. "आता ट्रक. भरलेला आहे." भरलेलाच होता. मग त्याने डोळे उघडले. त्याचा चेहरा असा उजळला होता की शिवणबाईला क्षणभर तो लग्नातला मुलगा वाटला. "अगं, मला ऐकू येतंय!" त्याने तिचा हात ओढून कठड्यावर ठेवला. लोखंड थरथरत होतं.

एवढ्यावर भागलं नाही. समोरच्या थांब्यावर दोन बायका गप्पा मारत होत्या. त्यांच्या ओठांवर नजर लावून तो बायकोला सांगू लागला, "ती छत्रीवाली म्हणतेय, सून चांगली आहे, पण चांगली असल्याचं दिवसभर सांगते." शिवणबाईला हसू आवरेना. शिक्षिकाही हसली. "इथे रोज फुकटचा सिनेमा आहे," फिटर म्हणाला. "मी दिवसभर इथे बसेन. तुला कामावर जायला सात मिनिटं. झालं, ठरलं."

शिवणबाईच्याही मनात ठरलंच होतं. आवाजाचं काय, होईल सवय. इतक्या वर्षांनी या माणसाच्या तोंडावर असं हसू येत असेल, तर आपण कानात बोळे घालून झोपू.

"थांब, कुठल्या बस जातात ते पाटीवर बघून येतो," म्हणत तो जिना उतरला. ती वरून पाहत राहिली.

थांब्यावर बस उभी होती. फिटर तिच्या पुढून रस्ता ओलांडू लागला आणि त्याच वेळी मागून एक पाण्याचा टँकर बसला ओलांडून पुढे आला. टँकरवाल्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. रस्त्यावरच्या सगळ्या माना वळल्या. छत्रीवाली वळली, सायकलवाला दुकानाबाहेर आला. फक्त एक माणूस वळला नाही. शिवणबाईने वरून हाक मारली. नुसती हाक नाही, पोटातून किंकाळी फोडली. "अहो!"

टँकर करकरत घसरला, वाकडा झाला, आणि त्याचा आरसा फिटरच्या खांद्यामागून वीतभर अंतरावरून निघून गेला. फिटरला तेवढा वारा लागला असावा. त्याने केसांवरून हात फिरवला आणि पलीकडे जाऊन पाटी वाचू लागला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिव्या देत होता, त्या फिटरच्या पाठीवर आदळून खाली पडत होत्या.

शिक्षिकेने शिवणबाईला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "त्यांना सांगा," ती म्हणाली. "सांगायलाच हवं."

"नको हो," शिवणबाई म्हणाली. "पुन्हा कोपऱ्यात बसवल्यासारखं होईल त्यांना."

थोड्या वेळाने तो जिना चढून आला. हातात दोन संत्री. "सात नंबर थेट बाजारात जाते," तो खुशीत म्हणाला. "काय झालं? चेहरा का उतरलाय?"

"डोकं दुखतंय."

घरी गेल्यावर, दिवेलागणीच्या आधीच, तिने त्याच्यासमोर बसून ओठांनी सांगितलं, "मला ते घर नको. आवाज सहन होणार नाही मला."

तो तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. गिरणीच्या भिंतीला भिंत लावून तिने त्याच्यासोबत सगळा संसार केला होता. तीन पाळ्यांचे भोंगे, रात्रंदिवस माग. आवाजाबद्दल कधी ब्र काढला नव्हता. "खरंच?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. तो भांडेल, हातवारे करेल, डोळे मिटेल अशी तिची तयारी होती. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. "बरं," म्हणाला. "माझ्यापायी आयुष्यभर आवाजात राहिलीस. आता तुझ्या मनासारखं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गल्लीच्या टोकाचं घर घेतलं. पुढे ओटा, आणि ओट्यासमोर दहा पावलांवर गोदामाची भिंत. गल्ली तिथेच संपत असल्यामुळे त्या बाजूला कुणी फिरकतच नसे. पोस्टमन यायचा तो चुकून. शिवणबाईला कामावर जायला दोन बस बदलाव्या लागत. ती पहाटे उठून साडेसहाला बाहेर पडायची ती संध्याकाळी परतायची. पहिल्या वर्षात फिटरने गल्लीतले झाडून सगळे पंखे, मिक्सर, शिलाई मशीन, दारांच्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या वर्षी बिघडलेलं काही उरलं नाही. तो ओट्यावर खुर्ची टाकून भिंतीकडे पाहत बसू लागला. तिथे हाताला लागेल असं काहीही थरथरत नव्हतं.

रोज संध्याकाळी ती आली की तो एक प्रश्न विचारायचा. "कसं वाटतं? शांत आहे ना?"

"हो. शांत आहे."

"मग झालं."

त्याच्या विचारण्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर तिला उलटून बोलता आलं असतं. कधी कधी रात्री भात कालवताना तिचा हात थांबायचा आणि तोंडापर्यंत आलेलं वाक्य ती घासाबरोबर गिळून टाकायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. जितके दिवस लांबले तितकं सांगणं अवघड होत गेलं.

तिसऱ्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय थकलंय, जिने चढणं बंद. घरी आल्यावर तो पलंगावर बसला आणि तिचा उतरलेला चेहरा पाहून म्हणाला, "बरं झालं बघ तू ते घर नको म्हणालीस. जिना होता तिथे. तुझ्यामुळे वाचलो."

तो तिची समजूत काढत होता. शिवणबाईला ते सोसवेना. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. बस, टँकर, हॉर्न, आरसा, खांदा. ओठ थरथरत असल्यामुळे त्याला नीट कळेना. त्याने दोनदा थांबवून पुन्हा बोलायला लावलं.

तिला वाटलं होतं, तो तिला जवळ घेईल. तो लालबुंद झाला.

"म्हणजे मी मेलो असतो, हे तुला माहीत, शिक्षिकेला माहीत, सायकलवाल्याला माहीत. मलाच नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे की! मी दोन्हीकडे बघून ओलांडला असता रस्ता. ओलांडलाच नसता. गॅलरीत बसलो असतो. पण मला विचारायचं तरी. साहेबानेही विचारलं नव्हतं, आणि तूही नाही."

आणि त्याने डोळे मिटले.

आठ दिवस तो तिच्या तोंडाकडे बघेना. ताट पुढे केलं की जेवायचा, औषध दिलं की घ्यायचा, पण नजर खाली. तिने कागदावर लिहून दिलं, तर त्याने कागद पालथा घालून त्यावर पेला ठेवला. या आठ दिवसांत ती इस्पितळात एक चादर उलटी शिवून बसली. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

नवव्या दिवशी सकाळी ती वेणी घालत होती. त्याने पलंगाची कड ठोकून तिला बोलावलं.

"टँकर भरलेला होता का?"

"माहीत नाही हो."

"भरलेला असता तर इतक्यात थांबला नसता. रिकामा असणार." थोडा वेळ त्याने छताकडे पाहिलं. "तू हाक मारलीस?"

"मारली."

"किती मोठ्याने?"

"सगळा रस्ता वळला."

त्याने तिला जवळ बसवलं आणि आपला जाडाभरडा तळवा तिच्या गळ्यावर ठेवला. "पुन्हा मार."

"आता? सकाळी सकाळी? लोक काय म्हणतील?"

"मार."

तिने हाक मारली. पहिल्यांदा आवाज अर्धाच निघाला. त्याने नाही म्हणून मान हलवली, एवढीशी हाक नव्हती ती. मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि तशीच, पोटातून, ओरडली. त्याचा हात थरथरला की तिचा गळा, कोण जाणे. त्याने हात तिथून लवकर काढला नाही.

"एवढा आवाज आहे तुला," तो म्हणाला. मग हळूच, "पण सांगायचं होतंस."

त्यानंतर सहा महिने तो होता. दोघं पुन्हा बोलू लागली, हसूही लागली. पण "सांगायचं होतंस" हे वाक्य त्याच्या तोंडून अधूनमधून यायचंच. चहा पिताना, बूट घालताना. त्यात राग उरला नव्हता, पण ते पुसलंही गेलं नव्हतं. तिनेही मग आपली बाजू मांडणं सोडलं. "हो, चुकलं माझं," एवढंच म्हणायची.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तो खुर्चीवर बसल्या बसल्याच गेला.

मुलगी आली, चार दिवस राहिली. "आई, आता चल माझ्याकडे," म्हणून मागे लागली. शिवणबाई "बघू" म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी गिरणीतले त्याचे जुने सोबती भेटायला आले. आठ-नऊ जण, सगळे म्हातारे, सगळ्यांचे कान गेलेले. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे तारस्वरात बोलणारे. त्या गल्लीत इतका गलका कधी झाला नव्हता. कुठे खिडक्या उघडल्या, तर पलीकडची एक सून बाळ झोपलंय सांगायला आली आणि ओट्यावरची माणसं बघून तशीच परत गेली. शिवणबाईने मोठं पातेलं चढवून चहा केला.

त्यांच्यातला एक, फिटरच्या पाळीचा मुकादम, म्हणजे गिरणीतला जॉबर, भिंतीकडे बघून ओरडला, "वहिनी, घर एवढं आडबाजूला का हो घेतलंत? त्याला माणसं लागायची!"

मुलीने बापाच्या मित्राकडे नाराजीने पाहिलं. पण शिवणबाईने हातातली किटली खाली ठेवली. ती सगळ्यांना दिसेल अशी दारात उभी राहिली आणि तिने ओठांनी, आवाज न काढता, सगळी हकीकत सांगितली. गलका थांबला. म्हातारे माना पुढे काढून तिच्या तोंडाकडे बघत होते. ही भाषा कधीच न शिकलेल्या मुलीला एक अक्षर कळलं नाही. ती या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

शिवणबाईचं सांगून झालं. जॉबरने पंच्याने डोळे पुसले.

"वहिनी," तो म्हणाला, या खेपेला जरा हळू, "मी असतो तर मीही रागावलो असतो."

"माहीत आहे," शिवणबाई म्हणाली, आणि त्याच्या कपात चहा ओतला.