सुतकातला सामना: कोंडाणे आणि खोपोलीचे दोन दिवस

दिनूचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. "ताई, रविवारी खोपोलीला शेवटची मॅच आहे. हरलो तर क्लब खालच्या गटात जाईल आणि मंडळ मला काढून टाकेल. बरोबरी झाली तरी वाचलो. तू ये गं. शनिवारी तुला कोंडाण्याची लेणी दाखवतो." लेणी बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती, त्यामुळे लगेच हो म्हटलं.

दिनू कर्जतला एका शाळेत खेळाचा मास्तर आहे. आमच्या भागात वेड कबड्डीचं. फुटबॉल म्हटलं की लोक विचारतात, हे बघतं कोण? पण तिथे एक जुना क्लब आहे आणि गेल्या जूनमध्ये तो मोडकळीला आलेला असताना क्लबच्या मंडळाने दिनूच्या हाती दिला. दिनूने मनाला येईल तेव्हा सरावाला येणारे जुने खेळाडू बाहेर बसवले आणि डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतली बावीस-चोवीस वयाची पोरं घेतली. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत. "एकाला हाक मारली की आठ येतात, ताई," असं तो कौतुकाने सांगायचा. आठही एकाच भावकीतले होते. संघ शेवटच्या नंबरवरून हळूहळू वर आला होता.

शनिवारी पहाटे पेणहून खोपोलीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जत. पळसदरीचं धरण बसमधून दिसतं. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाचा चिखल भेगाळला होता. तरी मुंबईची चार-पाच माणसं तिथे फोटो काढत उभी होती. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. तुम्हीही न्या, कारण पुढे वर काही मिळत नाही.

कर्जत स्टेशनबाहेर दिनू भेटला. तिथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत टमटम जाते. भरेपर्यंत थांबते, एवढी तयारी ठेवा. पायथ्यापासून रानातून तासभराची चढण आहे. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, पाणी माणशी दोन बाटल्या. वर पोचलं की समोरच ही बौद्ध लेणी. दगडात लाकडासारख्या कमानी कोरल्यात, पण आतले खांब खालून तुटून गेलेत आणि वरचे तुकडे छताला लोंबकळल्यासारखे राहिलेत. देव आपला असो की दुसऱ्याचा, माझे हात जोडले गेले. वर मोबाईलला रेंज नाही. म्हणून खाली काय झालं ते आम्हाला कळलंच नाही.

उतरल्यावर वाडीत, संघाचा कप्तान काशिनाथच्या घरी जेवायचं ठरलं होतं. त्याच्या आईने तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी करते म्हणून सांगितलं होतं. अंगणात पोचलो तर चूल पेटलेली नव्हती. बायका ओटीवर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. काशिनाथचे चुलत आजोबा सकाळी गेले होते. भावकीतल्या सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक.

दिनू तिथेच दगडावर बसला. आठ जण, म्हणजे गोलकीपरसकट त्याचा जवळजवळ अख्खा संघ.

दुपारी मयताला अग्नी दिला. पोरं अंघोळ करून ओल्या केसांनी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. आम्हीही थोडं अंतर ठेवून बसलो.

"सर, आता उद्याचं कसं?" काशिनाथने विचारलं.

दिनू म्हणाला, "तुम्हीच सांगा रे. मी कसं सांगू?"

बाळ्या, तोच गोलकीपर, म्हणाला, "सोमवारी माझी पयली पाळी हाय. कंपनी काय सुतक धरत नाय. कामाला जायचं तर मॅचला का नाय?"

काशिनाथची चुलती कळशी घेऊन चालली होती, ती तिथेच थांबली. "म्हाताऱ्याची राख निवली नाय अजून, अन तुमाला चेंडू दिसतोय व्हय रं? लाज हाय का?"

"काकू, आमी नुसतं इचारतोय गं."

"इचारू पन नका!" ती तरातरा निघून गेली.

मग काशिनाथ माझ्याकडे वळला. "ताई, तुमी देवाधर्माचं सगळं करता, सर नेमी सांगत असतात. तुमी सांगा. खेळलो तर चालंल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिनूही. सासरे गेले त्या वर्षी आम्ही दिवाळीला पणतीसुद्धा लावली नव्हती. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. "कामाला पोटासाठी जावं लागतं, त्याला इलाज नाही बाळांनो. पण खेळ म्हणजे आनंद. सुतकात तो करू नये."

"बरं ताई," काशिनाथ म्हणाला. कोणी वाद घातला नाही. एकेक उठून घरी गेला.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला बसून दशम्या खाल्ल्या. दिनूने अर्धी खाऊन ठेवून दिली. "ताई, 'चालेल बाळांनो' एवढंच म्हणायचं होतंस गं."

"मग खोटं सांगू का?"

"तू खोटं सांगत नाहीस हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तुला विचारलं."

कर्जतला पोचून मी आधी डोक्यावरून पाणी घेतलं. दिनू फोन घेऊन बसला. बाकीचे सहा खेळाडू होते, पण सातजण नसतील तर सामनाच सुरू करत नाहीत. जूनमध्ये बसवलेल्यांना त्याने एकेक करून फोन लावले. एकाचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. "कोच, आमचं सुतक जूनपासनं चालू हाय. तुमीच घातलंय ते." हसून त्याने फोन ठेवला. शेवटी विलास नावाचा एकटा तयार झाला. वय अडतीस, पोट सुटलेलं. आठवा खेळाडू म्हणून दिनूने स्वतःचं नाव घातलं. त्याची खेळाडू म्हणून नोंद होती.

रविवारी भाड्याच्या टेंपोतून खोपोलीला गेलो. मैदानामागे घाट उभा आहे आणि डोंगरावरून पाण्याचे जाडजूड पाइप खाली येतात. एरवी बघत बसावं असं दृश्य. गेटासमोर वडापाव चांगला मिळतो.

आणि तिथे मैदानाच्या गुडघाभर भिंतीबाहेर ते आठही जण उभे होते. मोटारसायकली लावून, हाताची घडी घालून. मी काशिनाथला म्हटलं, "आत या रे, सावलीत बसा."

"नको ताई. बघायला सुतक नाय ना?"

"नाही."

"मग हिथूनच बघतो. वरडायचं नाय, टाळी नाय, असं ठरवून आलोय."

खोपोलीच्या पोरांना काय माहीत? "ए कर्जत, तुमची टीम भिंतीभायेर इसरली रं!" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. ते आठ जण हलले नाहीत.

पहिला अर्धा भाग मैदानातल्या आमच्या आठ जणांनी त्यांच्या अकराजणांना गोल करू दिला नाही. दिनू गोलात उभा होता, दोनदा मातीत पडला, कोपर फुटलं. विलास धापा टाकत येईल तो चेंडू डोक्याने बाहेर काढत होता आणि प्रत्येक वेळी दिनूला ओरडत होता, "बसवलंत ना मला? बगा आता!" मी तर जपमाळ काढली होती.

दुसऱ्या भागात पाय थकले. डाव्या बाजूला, जिथे काशिनाथ खेळतो, तिथे कोणीच नव्हतं. त्या मोकळ्या जागेतून चेंडू पुढे गेला तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. काशिनाथचा उजवा पाय एक पाऊल पुढे सरकला आणि मग त्याने तो मागे घेतला. पहिला गोल झाला. थोड्या वेळाने दुसरा.

शिट्टी झाल्यावर दिनू भिंतीपर्यंत चालत गेला. तिथे कोणी नव्हतं.

मी संध्याकाळच्या एसटीने पेणला परतले. मंडळाने चार दिवसांत दिनूला निरोप दिला. त्याने चेंडूंची जाळी आणि सामानाच्या खोलीची किल्ली नेऊन दिली. मी फोन केला तर म्हणाला, "तू बरोबरच सांगितलंस, ताई. मनाला लावून घेऊ नकोस." त्यानंतर फुटबॉलचा विषय त्याने काढलेला नाही. शाळा, बायकोचं दुखणं, एवढंच बोलतो.

लेणी बघायला जरूर जा. थंडीत जा, सकाळी लवकर निघा. मला कोणी कोंडाण्याचं विचारलं की मी रस्ता सांगते, भाडं सांगते, एवढंच. मी सांगितलं ते शास्त्राला धरून होतं, असं आजही मानते. पण उत्तर द्यायला मी एक क्षणही घेतला नाही, हे पूजेला बसलं की आठवतं. तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा, एवढं तरी म्हणता आलं असतं. बाळ्याचा प्रश्नही खोटा नव्हता. कंपनीत जाताना त्यांना कोणी अडवलं नसतं.

अकराव्या दिवशी सकाळी काशिनाथचा फोन आला.

"ताई, सुतक फिटलं. आमी आठीजण मैदानावर आलोय. सर फोन उचलत नायत. येतील का सराव घ्यायला?"

म्हणजे सरांना काढल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मागून चेंडू आपटल्याचा आवाज येत होता, कोणीतरी घरून आणला असावा.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

अजून सांगितलेलं नाही.