डी ड्राइव्हमधलं बिऱ्हाड

घाटंजीला आमचा घरचा कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला, तेव्हा दुकानातून पन्नाशीचा एक माणूस आला. गळ्यात दुपट्टा, आणि चपला दाराबाहेर जुळवून ठेवलेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

"सी ड्राइव्ह भरला, भाऊ. तुमचे घरचे फोल्डर डीमंदी नेतो, मंग बराबर चालन."

"कट करून टाका ना पटकन," मी म्हटलं.

"नाही. पैले कॉपी. आमी तांड्यातले लोक. नवी चूल पेटल्याबिगर जुनी इझवत नाही."

हिरवी पट्टी सरकत होती तोवर तो मांडीवर हात ठेवून बसला. मोबाइलही काढला नाही. मग उठून खुर्ची मला दिली. "एखादी फाइल उघडून पाहा. तुमीच." आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

हाताला आला तो व्हिडिओ मी उघडला. बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. "शूटिंग कायले करून राह्यले? सोलू लागा ना!" ती गेल्यापासून मी ते फोल्डर उघडलंच नव्हतं.

"आवाज आला बराबर?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"आला."

"मंग इझवू जुनी?"

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. तो वळला नाही. तो संपल्यावर म्हणाला, "बाकीचं पुसतो. हे एक राहू द्या दोन्हीकडे."

कॉम्प्युटर आता अडकत नाही. तुरीच्या शेंगा आल्या की मी टोपली घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतो, तो व्हिडिओ लावतो, आणि तिला शेंगा सोलू लागतो.