लॉनपलीकडची बोटं

"किती बोटं आहेत, सांग."

मालकीणबाई लॉनच्या पलीकडे, व्हरांड्यात पाहुण्यांबरोबर बसल्या होत्या. मी अलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात उभी. हात दिसत होता. बोटं दिसत नव्हती.

"दोन," मी म्हणाले.

तीन होती. पाहुणे हसले. मग एका पाहुण्याने हात वर केला. मग त्याच्या मुलीने. मी तिन्ही वेळा चुकले.

"या वाडीवरच्या लोकांना मोजता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "शिकवून शिकवून थकले मी."

मी बारावी पास आहे.

कर्जतजवळच्या त्या फार्महाऊसवर एरवी मोठ्याने हाक मारायची नाही, असा नियम होता. पाहुणे शांततेसाठी येतात. म्हणून बाई बोटांनी हुकूम सोडायच्या. एक बोट म्हणजे पाणी. दोन म्हणजे चहा. तीन म्हणजे उष्टी भांडी उचल. अठराव्या वर्षी कामाला लागले, तेव्हा एकदाही चुकले नव्हते. विसाव्या वर्षी चहा मागितला की पाणी न्यायला लागले.

त्या दिवशी राग यायला हवा होता. आला नाही. भांडी घासली, हात पुसले, घरी गेले. खरं सांगते, मला बाईंचं पटलं होतं. आपलंच डोकं चालत नाही, असं वाटलं.

तोवर एसटीची पाटी पुसट झाली होती. एकदा खालापूरला चुकीच्या गाडीत चढले, ती थेट रसायनीला उतरले. पुढे समोरून येणाऱ्याचं तोंड ओळखू येईना. वाडीवर बायका म्हणायच्या, पोरगी माजली, बघून न बघितल्यासारखं करते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्यात कोनाला चष्मा हाय का गं? म्हातारपनी दिसत नाय. तुला आताच काय झालं?"

खालापूरच्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांपुढे काचा बदलत अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळसुद्धा वाचली मी.

"तुला लांबचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "विशीतही सुरू होतं असं. अजून काही वर्षं नंबर वाढेल, मग बहुतेक थांबेल. किती वाढेल ते आज नाही सांगता येणार. दर वर्षी तपासून घे."

मी विचारलं, "डोकं बरोबर हाय ना माझं?"

"डोक्याला काय झालंय तुझ्या? काहीही नाही."

तेव्हा कुठे राग आला. महिनाभर उशिरा आला.

चष्मा लावून कामावर गेले. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काढून ठेव तो. कामवाली चष्मा लावून पाहुण्यांपुढे जाते का कुठे?"

"त्याबिगर बोटं दिसत नाय."

"इतके दिवस चाललंच ना?"

मी चष्मा काढला नाही.

दुपारी व्हरांड्यात पाहुणे जमले. हात वर झाला. दोन बोटं. अंगठीतला खडासुद्धा दिसला. बाईंचा चेहराही दिसला. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. पाहुण्यांशी बोलत होत्या, हात तेवढा माझ्या दिशेने. दोन वर्षं मी त्या हाताला धावत होते.

मी जागची हलले नाही. हात जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी मान वळवली.

"दोन बोटं हायत," मी लॉनच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "दिसली मला. पन मला नाव हाय. नावानं हाक मारा."

या वेळी कोणी हसलं नाही. संध्याकाळी निरोप आला, उद्यापासून येऊ नकोस. चप्पल घातली आणि निघाले.

आता शेलूला एका दुकानात काम करते. यंदा डोळे तपासले, नंबर पाऊण वाढलाय. पुढच्या वर्षी अजून वाढेल, नाहीतर थांबेल. काच जाड झाली तर होऊ दे, नवीन करून घेईन. पण लांबून कोणी बोट वर केलं, तर मी उठणार नाही. मला बोलवायचं असेल, तर माणसाने तोंड उघडायचं.